हौद्यातल्या बिछान्याबद्दल मिस्त्रीकाकांना आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका यांस,

सा. न. वि. वि.

आपण समोर असता तर यातले पहिले वाक्य संपण्याआधीच हात झटकून उठून गेला असता, म्हणून हे लिहून कळवतो आहे. उघडपणे लिहितो आहे ते अशासाठी, की पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात झोपायची फळी आणि तिच्याखाली सामानाचे खण घरच्या घरी करण्याचा बेत आणखी कोणी आखत असेल, तर आपण मला ज्या चुकांपासून वाचवले त्या त्यालाही टाळता याव्यात.

मार्चमध्ये मी आपल्या कारखान्यात आलो, तेव्हा माझ्याजवळ संगणकावर काढलेला देखणा आराखडा होता. फळीची उंची १६ इंच, सगळीकडे १८ मिलिमीटरचे प्लाय आणि दोन्ही खणांना जड वजन पेलणारी टेलिस्कोपिक चॅनेल (खण सरकवायच्या, छऱ्यांवर चालणाऱ्या धातूच्या पट्ट्या), असा तो थाट होता. आपण तो कागद नीट पाहिला, घडी घालून परत दिला आणि एवढेच विचारले, “यात झोपून पाहिलंस का?” मग हौद्यात विटा रचून त्यांवर सेंटरिंगची फळी टाकलीत, वर गादी घातलीत आणि मला अर्धा तास तिथे पडून राहायला लावलेत. हौद्यावर बसवलेल्या कॅनोपीच्या छताला नाक लागायचेच काय ते बाकी होते, आणि कुशीवर वळताना खांदा अडत होता. एकेक वीट काढत आपण ११ इंचांवर थांबलात, कारण चाकांवरचे फुगवटे त्याच्या जेमतेम खाली राहत होते. खणांची पाच इंच खोली गेली याचे मला तेव्हा वाईट वाटले होते, हे आज कबूल करतो.

माप घेण्याबाबत मी स्वतःला बरा समजत होतो. हौदा म्हणजे चौकोनी डबा, लांबी-रुंदी घेतली की झाले, अशी माझी समजूत होती. आपण दोरीने दोन्ही कर्ण मोजून दाखवलेत आणि त्यांच्यात पाच सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक निघाला. त्यानंतर आपण मला प्लायला हात लावू दिला नाहीत. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणून त्याचे साचे कापायला लावलेत, ते हौद्यात बसवून, कोपरे झिजवून, पुन्हा बसवून पाहिले, आणि तिसऱ्या खेपेला साचा बरोबर बसला तेव्हाच करवत बाहेर आली. पुठ्ठा चुकला तर रद्दी, प्लाय चुकले तर पैसे, हे आपले गणित मला कोणत्याही आराखड्यापेक्षा उपयोगी पडले.

प्लायच्या दुकानातला प्रसंग तर मी घरी अनेकदा सांगितला आहे. दुकानदार दोन नमुने दाखवून दोन्ही ‘मरीन’ असल्याचे सांगत होता, आणि एकाची किंमत पुष्कळच कमी होती. आपण वाद न घालता दोन्हींचे लहानसे तुकडे मागून घेतलेत आणि कारखान्यात चहाच्या जुन्या पातेल्यात उकळत ठेवलेत. आयएस ७१० या भारतीय मानकात मरीन प्लाय ७२ तास उकळल्यावरही त्याचे थर सुटता कामा नयेत अशी चाचणी आहे. आपल्या पातेल्यात स्वस्त तुकड्याचे थर संध्याकाळपर्यंतच वहीच्या पानांसारखे उलगडले. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत गाडी उभी करणार असे मी सांगितले होते, ते आपण माझ्यापेक्षा अधिक लक्षात ठेवले होते.

त्याच कारणाने आपण चॅनेलही रद्द केलीत. खारी हवा आणि कच्च्या रस्त्याची धूळ यांपुढे त्यांतल्या छऱ्या फार दिवस टिकत नाहीत, असे सांगून आपण सागवानी पट्ट्यांवर मेण घासून खण सरकवायला सांगितलेत. पट्टीच्या पुढच्या टोकाशी दोन सूत उंचीचा जो ‘उंबरठा’ आपण सुचवलात, त्याचे मला अजूनही नवल वाटते. खण ओढताना किंचित उचलावा लागतो, आणि उचलला नाही तर गाडी चढावर उभी करून फाळका (हौद्याचे मागचे, खाली पडणारे दार) उघडा टाकला तरी तो आपोआप बाहेर येत नाही. कडी नाही, कोयंडा नाही, खडखड नाही. खण पूर्ण बाहेर येऊ नये आणि त्याचा एक तृतीयांश भाग आतच राहावा म्हणून मागे ठोकलेला अडसरही आपलाच. तो नसता तर पाण्याच्या कॅनसकट भरलेला खण माझ्या पायावर पालथा झाला असता.

वजनाचा हिशेब आपण तोंडी केलात. १८ मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट ३५ ते ४० किलोंची असते, आणि माझ्या आराखड्याला तशा चार लागत होत्या. आपण फक्त तीन उभे पडदे १८ मिलिमीटरचे ठेवलेत आणि बाकी सर्व १२ वर आणले. उभे प्लाय वाकत नाही, आणि मधल्या पडद्यामुळे वरच्या फळीला वीस-एकवीस इंचांवर आधार मिळतो, त्यामुळे दोन माणसे झोपली तरी ती लवत नाही. फुगवट्यांच्या पुढेमागे उरलेल्या कोनाड्यांना वरून झाकणे केली. तिथे आता जॅक, दोर आणि ताडपत्री राहते.

पाच फुटांच्या हौद्यात मी मावणार कसा, हा प्रश्न मी शेवटपर्यंत टाळत आलो होतो. आपण फळीच्या मागच्या कडेला लांब बिजागरीवर १६ इंचांची पाटी जोडायला लावलीत. प्रवासात ती उलटून फळीवरच पडते आणि रात्री फाळका उघडून त्यावर तिचे दोन पाय टेकले की लांबी सहा फूट चार इंच होते. डोके केबिनकडे आणि पाय पाटीकडे, म्हणजे फाळक्यावर जड भार येणार नाही, हा नियम आपण दोनदा बजावलात.

हौद्याच्या पत्र्याला एकही भोक पाडायचे नाही, यावर मात्र आपले माझ्याशी खटकले होते. मला बोल्ट मारायचे होते. भोकातून गंज सुरू होतो हे आपले कारण होतेच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत कायमचे फेरफार करण्यावर बंधने आहेत, हे मी नंतर वाचले. चार कोपऱ्यांतल्या मूळ कड्यांना टर्नबकलने (पिळून ताण देता येणाऱ्या आट्यांच्या आकड्याने) ताणून बांधलेला सांगाडा खाली रबरी चटई असल्याने तसूभर हलत नाही, आणि दोघे मिळून तो अर्ध्या तासात उतरवतात.

या सप्टेंबरात राजापूर तालुक्यात बारसू आणि देवाचे गोठणे येथील सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, कातळशिल्पे पाहण्यासाठी गेलो असता त्यात तीन रात्री काढल्या. दोन रात्री पावसाची झड होती. गादीखाली हवा खेळावी म्हणून आपण फळीला इंचाइंचाची भोके पाडायला लावली होती. तरीही सकाळी गादीची खालची बाजू किंचित दमट लागली, पण ओली नव्हती. प्लायच्या कडांना पाजलेल्या जवसाच्या तेलाने आपले काम चोख केले. (त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेटू शकतात, म्हणून आपण त्या दोरीवर पसरून वाळवायला लावल्या होत्या. तेव्हा मी हसलो होतो, त्याबद्दल क्षमस्व.)

या सगळ्याचे आपण पैसे घेतले नाहीत, आणि दोन महिन्यांत एकदाही माझ्या हातातली करवत काढून घेतली नाहीत. माझी काप वाकडी जात असताना बाजूला बसून बिडी ओढत राहणे आपल्याला किती जड गेले असेल, याची कल्पना मला उशिरा आली.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे. खणाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत मोकळे सोड, असे आपण बजावले असताना उजव्या खणाला मी एकच सूत सोडले होते, आणि आपल्याला मात्र दोन सोडल्याचे सांगितले होते. दुसऱ्या पावसाळी रात्री तो फुगून असा अडकला की स्टोव्ह आतच राहिला आणि आम्ही चिवड्यावर भागवले. खंडेनवमीला आपली हत्यारे पूजेत असतील, म्हणून दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो. रंधा मीच मारीन. आपण फक्त शेजारी बसावे.

आपला नम्र,
उजव्या खणाचा दोषी

पुणे