पिकअपचा पुढचा गार्ड उतरवा

संपादक महोदय,
पिंपळगाव, लासलगावकडे शेतमाल नेणाऱ्या अनेक पिकअपना पुढे लोखंडी गार्ड दिसतो. धडकेत बंपर दुमडून जोर गिळतो. थेट चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट केलेला गार्ड मात्र तो जोर चासीतून केबिनपर्यंत नेतो. एअरबॅग असल्यास सेन्सरचा अंदाजही चुकतो. पादचाऱ्याचे तर विचारूच नका! केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले आहे.

गार्ड वेल्ड केलेला असेल तर ग्राइंडर लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा, चासीला काप जाऊ देऊ नका. बोल्ट काढल्यावर उघड्या राहणाऱ्या भोकांना रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) लावा. पुढचे वजन घटल्याने हेडलाइटचा झोत किंचित वर जातो, तो भिंतीवर पाहून खाली घ्या. हे हमखास राहून जाते आणि घाटात समोरच्याचे डोळे दिपतात.

— एक वाचक, नाशिक