शंका पुनरुत्थानाची, अडचण सहा तासांची

महोदय,

नेत्रदान पंधरवडा (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर) आला की ख्रिस्ती घरांत एक प्रश्न हटकून निघतो : डोळे काढून पुरले, तर पुनरुत्थानाच्या, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील त्या दिवशी माणूस आंधळा उठेल का?

बायबलात अवयवदान नाही. असणार कुठून, पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपणच १९५४ मधले. पण या शंकेला प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात उत्तर आहे : पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते निराळेच शरीर. गलतीकरांना तो लिहितो, शक्य असते तर तुम्ही डोळे काढून मला दिले असते. ही बोलण्याची लकब आहे. नेत्रदानाची आज्ञा म्हणून ती प्रवचनात ओढू नये. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २२९६) मरणोत्तर दान उदात्त मानतो, मात्र स्पष्ट संमती हवीच म्हणतो.

देहाचा भाग वेगळा झाल्याचे उदाहरण जुनेच आहे : १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनचे हृदय आफ्रिकेतच पुरले आणि देह पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत गेला. हृदय पुरताना प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट नाशिकच्याच मिशन शाळेत शिकलेला.

खरे घोडे पेंड खाते ते वेळेपाशी. परदेशातल्या मुलाची वाट पाहत देह शवागारात जातो, आणि नेत्रदानाची आठवण होते दुसऱ्या दिवशी. पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागते. नेत्रपेढीला फोन करून पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. काम वीसेक मिनिटांचे. चेहरा विद्रूप होत नाही, पेटी उघडी ठेवून अंत्यदर्शन घेता येते. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचे ऑपरेशन आड येत नाही. एड्स, रेबीज, ब किंवा क कावीळ मात्र आड येते.

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे मात्र घरी मृत्यू झाल्यावर दान होत नाही. त्यासाठी रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना चार डॉक्टरांनी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत ठरवावा लागतो. दाताकार्ड असले तरी नातेवाइकांची सही लागतेच. अवयव काढल्यावर देह दफनासाठी परत मिळतो. देहदानात तो वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो. लोक या दोहोंची गल्लत करतात आणि घाबरून दोन्ही नाकारतात.

मृत्यूचा निरोप चर्चच्या पाळकांना बहुधा पहिल्या तासातच जातो. कबरीची जागा विचारण्याआधी त्यांनी ‘नेत्रपेढीला कळवले का?’ एवढे विचारावे.

– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक