राजस्थानची सहल आणि जैसलमेरचा मुक्काम

महोदय,

दिवाळीच्या सुटीसाठी राजस्थान सहलींच्या जाहिराती सध्या सर्वत्र झळकत आहेत. त्यांतील बऱ्याच कार्यक्रमांत जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर, माउंट अबू आणि उदयपूर ही सगळी ठिकाणे जेमतेम आठवड्याभरात कोंबलेली असतात. जयपूर ते जोधपूर सुमारे ३३५ किलोमीटर आणि तेथून जैसलमेर आणखी २८५ किलोमीटर, हे ध्यानात घेतले तर अशा सहलीचा बराचसा वेळ बसमध्येच जाणार हे उघड आहे. सोबतची ज्येष्ठ मंडळी गडाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंतच थकून जातात.

सर्वाधिक अन्याय होतो तो जैसलमेरवर. दुपारी तेथे पोहोचायचे, लगेच ४० किलोमीटरवरील सम येथील वाळूच्या टेकड्या गाठायच्या, उंटावरून फेरी, सूर्यास्त, लोकनृत्य, तंबूत मुक्काम आणि सकाळी घाईने किल्ला पाहून पुढचा रस्ता धरायचा, असा तो ठरीव कार्यक्रम असतो. रावल जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. पिवळ्या दगडाच्या अरुंद गल्ल्यांत लोक राहतात, ओट्यांवर गप्पा रंगतात आणि दारालगतच्या भिंतींवर घरच्या लग्नाची तारीख गणपतीच्या चित्रासह रंगवलेली दिसते. किल्ल्यातील जैन मंदिरे पर्यटकांना साधारणपणे सकाळच्या वेळातच पाहता येतात, तर पटवों की हवेलीची जाळी तिरप्या उन्हात पाहावी अशी आहे. त्यामुळे येथे किमान दोन, शक्य असल्यास तीन रात्री हव्यात. एक सकाळ किल्ल्यासाठी, एक संध्याकाळ गडीसर तलावावर आणि तिसरी रात्र वाळवंटात, तीही गर्दीच्या समऐवजी खुरी गावाकडे घालवली तर अधिक शांत.

माझ्या मते आठवड्याचीच सवड असेल, तर जयपूर सरळ वगळावे. मुंबईहून जोधपूरला थेट रेल्वे आहे. जोधपूरला दोन मुक्काम करण्याचे ठरले, तर ते सलग न करता एक जैसलमेरला जाताना आणि एक परतताना करावा. त्यामुळे मेहरानगड निवांत पाहता येतो आणि जैसलमेरहून थेट उदयपूर गाठण्याचा थकवणारा प्रवासही टळतो. जोधपूरहून उदयपूरला जाताना राणकपूरचे जैन मंदिर वाटेत लागते. तेथे पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश मिळतो, म्हणून न्याहारी करून निघाले तरी वेळ अचूक जमतो, आणि १,४४४ खांबांचे ते मंदिर डोळे भरून पाहून दिवेलागणीपर्यंत उदयपूर गाठता येते. उदयपूरला दोन रात्री पुरतात.

जयपूरसाठी वेगळी सहल काढणे मुळीच वाया जात नाही. जंतरमंतर या वेधशाळेतील सम्राट यंत्राची, म्हणजे तेथील भव्य सूर्यघड्याळाची, सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. तेथे पाच मिनिटे थांबणाऱ्यास ती डोळ्यांदेखत पुढे गेलेली दिसते. सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या त्या शहराची खरी ओळख होण्यासाठी ही पाच मिनिटे हवीत, आणि घाईच्या कार्यक्रमात नेमकी तीच मिळत नाहीत.

आणखी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. जैसलमेरचा किल्ला २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, परंतु तो ज्या टेकडीवर उभा आहे ती ठिसूळ आहे. पूर्वी पाणी जपून वापरले जाई; नळ आणि हॉटेले आल्यानंतर सांडपाणी किल्ल्याच्या पायात मुरू लागले आणि तटबंदीला धोका निर्माण झाला. म्हणून मुक्काम किल्ल्याखालच्या गावात करावा आणि किल्ल्यात पायी जावे. तेथील दुकानांतून खरेदी जरूर करावी, म्हणजे रहिवाशांच्या पदरातही चार पैसे पडतील.

सहल कंपन्यांना विनंती अशी की, त्यांनी जाहिरातीत केवळ शहरांची नावे न देता रोजचे अंतर, पोहोचण्याची अपेक्षित वेळ, प्रत्येक ठिकाणच्या रात्रींची संख्या आणि जैसलमेरचा मुक्काम किल्ल्यात आहे की खाली, हेही स्पष्ट छापावे. पैसे भरण्यापूर्वी ग्राहकांनीही ही माहिती लेखी मागून घ्यावी.

— एक वाचक, पुणे