आखाजीच्या गाण्यांचा पत्ता

तापीकाठ, तालुका चोपडा
चैत्र शुद्ध द्वादशी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रविवारी रात्री तू पुण्यात बसून आत्याचा आवाज ऐकलास आणि नंतर फोनवर कितीतरी वेळ बोलला नाहीस. मीही गप्प राहिलो. शेवटी तू एवढंच विचारलंस, "हे गावातून येतंय?" हो भो, गावातूनच. ओसरीला लागून जी धाब्याची खोली आहे, जिथे सुट्टीत आपण दुपारभर पडून राहायचो, तिथे माझा जुना संगणक चालू असतो. बाहेर चव्वेचाळीस अंश असले तरी त्या खोलीत गारवा असतो. गाणी त्याच्यावर आहेत, आणि तू ऐकलंस ते त्याच डिस्कवरून तुझ्यापर्यंत आलं.

"अमळनेरला नानांच्या घरीही असंच करायचंय, नीट लिहून पाठव," असं तू म्हणालास. फोनवर सांगून हे होणार नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो.

आधी हे सांगतो की एवढा खटाटोप का केला. 2016 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी आली होती. मागच्या निंबाला झोका बांधला होता आणि गावच्या सगळ्या लेकी-सुना जमल्या होत्या. मी रेकॉर्डर घेऊन बसलो तेव्हा आत्यानं अट घातली, "गाणं घे पोरा, पण मोबाईलवर फिरवू नको. आमचं आमच्यात राहू दे." बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. त्या गाण्यांत सासरची नावं आहेत, कुणाचं तरी दुःख आहे, ते परक्यानं ऐकावं असं त्यांना वाटत नव्हतं. गाणाऱ्या नऊ बायकांपैकी चार आज नाहीत, आत्याही नाही. दिलेला शब्द मात्र आहे. म्हणून ती गाणी मी कुठल्या कंपनीच्या ढगात (क्लाउडवर) टाकली नाहीत, ग्रुपवर पाठवली नाहीत. घरच्या माणसांनी घरी येऊनच ऐकावीत, आणि जो लांब आहे त्याला घराचं दार तरी सापडावं, एवढीच माझी धडपड होती.

अडचण होती ती या दाराच्या पत्त्याची. आपल्याकडे इंटरनेट देणारा प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता (जाळ्यातला घराचा नंबर) देतो, पण तो कायमचा नसतो. लाइट गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की बहुतेक वेळा नवा पत्ता मिळतो. आणि लाइट किती वेळा जाते ते तुला सांगायला नको. कायमचा पत्ता मिळतो, पण त्याचे दरमहा वेगळे पैसे पडतात.

तुला ठेलाऱ्यांचे मेंढ्यांचे वाडे आठवतात ना? पीक निघालं की ते शेतात मेंढ्या बसवायला यायचे, चार रात्री या रानात, चार रात्री त्या. त्यांना निरोप द्यायचा तर फाट्यावरच्या किराणा दुकानात विचारायचं. वाडा हलला की मेंढपाळ आधी दुकानदाराला सांगून जायचा, "आता नदीच्या अंगाला आहे." डायनॅमिक डीएनएस, म्हणजे नावावरून बदलता पत्ता सांगणारी सोय, ती नेमकी हीच. दुकानदार म्हणजे नावाची सेवा देणारा सर्व्हर, आणि दुकानात जाऊन सांगून येणारा माणूस म्हणजे आपल्या लिनक्स संगणकावरचा (लिनक्स म्हणजे विंडोजसारखी, पण फुकट प्रणाली) छोटा प्रोग्रॅम, क्लायंट. नाव तेच राहतं, पत्ता बदलला की क्लायंट कळवतो.

ही सगळी नावांची व्यवस्था आपल्याच वयाची आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पूर्वी साऱ्या जाळ्यातल्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची आणि सगळे तिथून तिची नक्कल उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी ती फाइल पुरेना. मग 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची आखणी केली. नाव जिवंत असतानाच त्याची नोंद बदलता यावी याचं प्रमाणित तंत्र 1997 मध्ये आलं. आपण वापरतो त्या फुकट सेवा मात्र बहुतेक साध्या वेब विनंतीवर चालतात: "अमुक नाव, तमुक गुप्त खूण, माझा पत्ता आता हा." तेवढं पुरतं.

मी डकडीएनएस या फुकट सेवेवर नाव घेतलं. नाव म्हणजे आजीच्या माहेरच्या गावाचं नाव, ते विसरायची भीती नाही. खातं उघडलं की एक लांबलचक टोकन, म्हणजे ती गुप्त खूण, मिळतं. ते घराच्या किल्लीइतकंच जपायचं, कारण ज्याच्याकडे टोकन तो तुझं नाव हव्या त्या पत्त्याकडे वळवू शकतो.

मग संगणकावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) होतंच, त्यात डीडीक्लायंट नावाचा क्लायंट बसवला. पर्ल भाषेत लिहिलेला जुना, खात्रीचा प्रोग्रॅम आहे. एपीटीनं (डेबियनच्या प्रोग्रॅम बसवायच्या साधनानं) बसवताना तो स्वतःच प्रश्न विचारतो, आणि उत्तरं ईटीसी फोल्डरमधल्या डीडीक्लायंट डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्या फाइलमध्ये खरं तर चारच गोष्टी लागतात: किती सेकंदांनी तपासायचं (मी 300 ठेवले), स्वतःचा पत्ता कुठून ओळखायचा, प्रोटोकॉल म्हणून डकडीएनएस आणि पासवर्डच्या जागी टोकन, आणि शेवटी आपलं नाव. फाइलची परवानगी 600 कर, म्हणजे रूटशिवाय (संगणकाच्या मुख्य वापरकर्त्याशिवाय) कुणाला ती वाचता येणार नाही. एक गोष्ट लक्षात ठेव. जुन्या लेखांत पत्ता ओळखण्यासाठी एकच 'यूज' पर्याय दिसेल. 3.10 आवृत्तीपासून आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 (आयपी पत्त्यांचे जुना आणि नवा असे दोन प्रकार) यांचे पर्याय वेगळे झाले आहेत. जुनं उदाहरण जसंच्या तसं उतरवू नकोस.

लिहून झालं की लगेच सेवा सुरू करू नको. आधी डीमन शून्य ठेवून (म्हणजे तो मागे चालत न राहता एकदाच चालेल), डीबग आणि व्हर्बोज हे सविस्तर माहिती दाखवणारे पर्याय लावून एकदा हातानं चालव. तो कुणाशी काय बोलला ते सगळं पडद्यावर दिसतं. सर्व्हर यशाला 'ओके' म्हणतो आणि अपयशाला 'केओ'. केओ आलं तर बहुतेक वेळा टोकनमध्ये एखादं अक्षर सुटलेलं असतं किंवा नावात चूक असते. पत्ता बदलला नसेल तर डीडीक्लायंट उगाच सर्व्हरला त्रास देत नाही, मागचा पत्ता तो स्वतःच्या कॅश फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि ताडून पाहतो. ही सवय चांगली आहे. काही सेवा दर मिनिटाला दार ठोठावणाऱ्याचं नाव बंद करून टाकतात.

इथपर्यंत अर्धा तास लागला. पुढचं ऐक, कारण माझ्या दोन रात्री तिथेच गेल्या.

सगळं ओके येत होतं. नाव बरोबर पत्ता दाखवत होतं. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं नंबराचं दार) उघडलं होतं. तरी जळगावहून दार उघडेना. खूप शोधल्यावर राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला. तो 100.72 नं सुरू होत होता, आणि वेबवर माझा म्हणून दिसणारा पत्ता निराळाच होता. तेव्हा उलगडा झाला. आयपीव्ही4 चे पत्ते सगळ्या जगात मिळून 429 कोटींच्या आसपास. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा मोकळा साठा 15 एप्रिल 2011 ला शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर येऊन ठेपला. मग कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवायला लागल्या. त्यासाठी 2012 मध्ये एक खास पट्टा ठरवून दिला, 100.64 पासून 100.127 पर्यंत. तुझा राउटर या पट्ट्यात असेल तर तुझ्या नावाला मिळालेला पत्ता साऱ्या आळीच्या वेशीचा आहे. वेशीपर्यंत पाहुणा येतो, पुढे तुझ्या ओसरीवर त्याला कुणी आणून सोडत नाही. क्लायंटची यात काही चूक नाही, त्याला वेबवर जे दिसलं ते त्यानं इमानानं कळवलं.

म्हणून नानांकडे गेल्यावर सगळ्यात आधी हेच बघ, डीडीक्लायंट बसवायच्याही आधी. राउटरमधला पत्ता आणि वेबवरचा पत्ता एकच असतील तर निर्धास्त पुढे जा. वेगळे असतील तर इंटरनेटवाल्याला फोन करून "मला सार्वजनिक पत्ता हवा, बदलता असला तरी चालेल" असं स्पष्ट सांग. पहिल्या माणसाला माझं म्हणणं कळलंच नाही, तिसऱ्या फोनला कळणारा माणूस भेटला आणि त्याच दिवशी काम झालं. आयपीव्ही6 मिळत असेल तर तोही मार्ग आहे, त्यात प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता असतो. पण तू पुण्यात ज्या जोडणीवर असशील तिथेही आयपीव्ही6 हवं.

दुसरा घोळ लाइटमुळे झाला. संगणक जुना, त्याच्या आतलं गोल सेल संपलेलं. लाइट गेली की घड्याळ बारा वर्षं मागे जायचं. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र "अजून लागूच झालेलं नाही" असं ठरतं, आणि क्लायंटला सर्व्हरशी बोलताच येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल नावच बिघडलं. सीआर2032 सेल बदललं, आणि इंटरनेटवरून वेळ जुळवणारी टाइमसिंकडी सेवा बसवली, जी मी आधी बसवलीच नव्हती. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हा पर्यायही लावून ठेव. नानांना रात्री उठून बटण दाबायला लावू नकोस. राउटरला लाइन मिळायच्या आधी संगणक सुरू झाला तर पहिला प्रयत्न फसतो, पण 300 सेकंदांनी तो पुन्हा बघतोच, त्याची काळजी नको.

आता दाराबद्दल, कारण पत्ता जाहीर झाला की चोरही येतात. एसएसएचचं (लांबून संगणकात शिरायच्या सोयीचं) 22 नंबरचं पोर्ट उघडं ठेवून पाहिलं होतं, एका रात्रीत लॉगमध्ये अनोळखी ठोठावण्यांची रांग लागली. मी ते बंद केलं आणि फक्त वायरगार्ड (किल्ली असणाऱ्यालाच घरच्या जाळ्यात घेणारा खासगी बोगदा) ठेवलं, यूडीपी पोर्ट 51820. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, दार आहे की भिंत हेही कळत नाही. तुझ्या लॅपटॉपवर रविवारी तू जी फाइल टाकलीस ती किल्लीच होती. ती कुणाला देऊ नको.

वायरगार्डची एक सवय आधीच सांगून ठेवतो. ते नावावरून पत्ता सुरू होतानाच एकदा विचारतं, मग तोच धरून बसतं. इकडे लाइट गेली, पत्ता बदलला, डीडीक्लायंटनं नवा कळवला, नावाची नोंदही मिनिटभरात ताजी झाली, तरी तुझा लॅपटॉप जुन्या पत्त्यावरच हाका मारत राहील. वायरगार्डच्या साधनांसोबत पत्ता पुन्हा विचारणारी एक छोटी स्क्रिप्ट येते. शेवटची भेट 135 सेकंदांहून जुनी झाली की ती नाव नव्यानं विचारते. ती दर अर्ध्या मिनिटाला चालेल असा टायमर लाव. मला हे कळायला महिना लागला, आणि त्या महिन्यात दर लोडशेडिंगनंतर मी डीडीक्लायंटवरच संशय घेत होतो.

तपासताना घरच्या वायफायवर बसून तपासू नकोस. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत. मोबाईलचा डेटा लाव, ओट्यावर ये आणि मग बघ.

फुकट सेवेवर कायमचं विसंबू नये असं मला वाटतं. एके काळी खूप नावाजलेली सेवा होती डिनडीएनएस, तिनं मे 2014 मध्ये फुकट खाती बंद केली आणि कितीजणांची दारं एका दिवसात हरवली. पुढच्या वर्षी मी स्वतःचं डोमेन घेणार आहे. नाव आपलं असलं की सेवा बदलता येते. नानांसाठी सध्या फुकट चालेल.

आखाजीला तीन आठवडे आहेत. तू आदल्या शनिवारी अमळनेरला पोहोच, मी चोपड्याहून सकाळच्या गाडीनं येतो, दुपारपर्यंत नानांचं काम उरकू. राउटरचा पासवर्ड नानांना आधीच शोधून ठेवायला सांग, आणि गोल सेल मी इकडून आणतो. मग दोघं मिळून गावाला येऊ. माय खापरावर पुरणपोळ्या करणार आहे, आणि निंबाला झोका बांधायचं मी या वर्षी ठरवलं आहे. उरलेल्या पाच जणींपैकी तिघी येणार म्हणाल्यात. रेकॉर्डरचे सेल मी आजच आणून ठेवलेत.

नानांना नमस्कार सांग.

तुझा,
मामाच्या गावचा मित्र

ता. क. चौदाव्या फाइलमध्ये आत्या गाता गाता मधेच थांबते आणि कुणाला तरी सांगते, "सांजोऱ्या झाकून ठेवा, तो आला की गरम मागेल." तो म्हणजे तू. त्या दिवशी तुझी गाडी उशिरा आली होती. ते मी कापलेलं नाही.