वनमंत्री साहेब, पुढच्या वेळी पाणवठ्यावरचं पाणी पण तपासा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मी प्राणीगणनेसाठी राधानगरीच्या जंगलात पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसलेलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि कागदावर नोंद काय, तर गव्यांचा एक कळप आणि दोन भेकरं. सकाळी खाली उतरून बघतो तर चिखलात बारीक ठशांची नुसती गर्दी, एक ठसा वनरक्षक म्हणाले उदमांजराचा, बाकीचे कोणालाच सांगता येईनात. म्हणजे जनावरं येऊन पाणी पिऊन गेली आणि आमच्या कागदावर आलीच नाहीत. ते अजून डोक्यातून जात नाहीये.

जनावर पाणी पितं तेव्हा लाळ पडते, केस पडतात, कधी तिथेच मुततं पण, आणि त्यातून त्याचा डीएनए पाण्यात उतरतो. एक-दोन लिटर पाणी बारीक फिल्टरमधून गाळायचं, तो फिल्टर जपून लॅबला पाठवायचा, कुठल्या जातीची जनावरं येऊन गेली ते कळतं. याला ई-डीएनए म्हणतात, म्हणजे एन्व्हायर्न्मेंटल, परिसरात सापडणारा डीएनए. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेने चिल्का सरोवराच्या पाण्यावर हे काम केलंय, म्हणजे लॅब शोधत परदेशात जायची पण गरज नाही. व्हिएतनाममध्ये तर जळवांनी प्यायलेलं रक्त तपासलं, २०१२ साली, २५ जळवांपैकी २१ मध्ये सस्तन प्राण्यांचा डीएनए सापडला आणि त्यात तिथलं दुर्मिळ भेकर आणि पट्टेवाला ससा पण होता! आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात जळवांना काय तोटा आहे?

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये. वाघ पट्ट्यांवरून ओळखायचा तर फोटोच लागणार. ई-डीएनए डोकी मोजून देत नाही, कडक उन्हात तो लवकर खराब होतो, आणि ओढ्यात वरच्या अंगाने वाहून आलेला पण असू शकतो. पण खवले मांजर, पिसोरी (एवढंसं छोटं हरीण), पाणमांजर यांच्याकडे बघतंय कोण, ती निदान आहेत की नाहीत एवढं तरी कळू दे ना.

म्हणून एकच मागणी आहे. पुढच्या बुद्धपौर्णिमेला सह्याद्रीतले थोडेच पाणवठे निवडा आणि तिथलं पाणी माणसांचा हात लागायच्या आधी, हातमोजे घालून गाळून घ्या, सोबत एक स्वच्छ पाण्याचा नमुना पण तसाच गाळून ठेवा म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळला तर पकडता येईल. रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या जनावरांचे नमुने पण जपा प्लीज, कारण जुळवून बघायला आपल्याच जंगलातला डीएनए हाताशी नसेल तर लॅबवाले तरी काय सांगणार. निकाल लोकांसमोर ठेवा, फक्त खवले मांजर कुठल्या पाणवठ्यावर सापडलं ते जाहीर करू नका, शिकारी टपूनच असतात.

माणसं कमी पडली तर मचाणावर बसणारे आम्ही आहोतच, एक दिवसाचं ट्रेनिंग द्या, फिल्टर आम्ही लावतो.

आपला,
कोल्हापूरचा एक जंगलवेडा