उत्पत्तीचे सहा दिवस आणि टाकळीचे शंख

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले जगाच्या निर्मितीचे सहा दिवस म्हणजे भूशास्त्रातले सहा दीर्घ कालखंड होत, असे सांगून तरुणांच्या शंकांचे समाधान करणारे आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पुष्कळ आहेत. मीही संडे स्कूलमध्ये अनेक वर्षे हेच शिकवले. ती माझी चूक होती, असे आता वाटते.

हा मेळ बसत नाही. त्या अध्यायात फळझाडे तिसऱ्या दिवशी, सूर्यचंद्र चौथ्या, मासे व पक्षी पाचव्या आणि भूचर प्राणी सहाव्या दिवशी येतात. खडकांतील जीवाश्मांवरून मात्र मासे फळझाडांच्या कित्येक कोटी वर्षे आधीचे आणि पक्षी भूचर प्राण्यांच्या नंतरचे ठरतात. दिवस कितीही लांबवला तरी क्रम बदलत नाही. शिवाय दुसऱ्या अध्यायात माणूस झाडांच्याही आधी घडवला जातो. हे दोन वृत्तान्त ज्यांनी शेजारी ठेवले, त्यांना घटनांचा तारीखवार अहवाल लिहायचा नव्हता, हे उघड आहे. पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र ही नावेसुद्धा नाहीत, नुसत्या ‘ज्योती’ आहेत. शेजारची राष्ट्रे ज्यांना देव मानून पूजत होती, ते देवाने लावलेले दिवे आहेत, हे तिथे सांगायचे आहे. ते तपासणे दुर्बिणीचे काम नव्हे.

श्रद्धा आणि भूशास्त्र एकाच माणसात नांदू शकतात, याचे नागपुरात प्रत्यक्ष उदाहरण आहे. १८४५ पासून येथे राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप सुवार्ता सांगत आणि आसपासच्या टेकड्यांतले दगडही फोडत. टाकळीच्या परिसरात लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातले शंख, फळे आणि बिया त्यांना सापडल्या, आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लाव्हाचा एक थर निवावा, त्यावर तळे साचावे, त्यात गोगलगायींच्या पिढ्या जगून मराव्यात आणि मग पुढचा लाव्हा यावा, एवढा काळ त्या पातळशा गाळात दडलेला आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हे पुढे कळले. पण काळ मोठा आहे, हे दगड तेव्हाही सांगत होते.

विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र तर कॅथलिक धर्मगुरूच होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या विचाराचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला, तेव्हा लमेत्र यांनाच तो रुचला नाही. मला त्यांचा हा संकोच फार मोलाचा वाटतो, कारण आजच्या सिद्धान्ताला टेकवलेली श्रद्धा उद्या तो सिद्धान्त सुधारला की विनाकारण डळमळते, आणि तिचा जाच शाळकरी मुलांना होतो.

म्हणून आमच्या पाळकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की, उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय मुलांसमोर एकत्र वाचावेत, त्यांतला फरक लपवू नये, आणि एखाद्या रविवारी उपासनेनंतर त्यांना नागपूरजवळचा लाव्हाच्या थरांमधला तो गाळ दाखवावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर