बाळ्या, रविवारच्या आत उत्तर दे

परळ, मंगळवार रात्र

प्रिय बाळ्या,

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. तुझे दोन फोन येऊन गेले, ते उचलले नाहीत आणि उलट केलेही नाहीत. रागावू नकोस. उचलला असता तर मी सगळं एका दमात सांगून टाकलं असतं आणि तू तिथल्या तिथे निकाल दिला असतास. मला तसा निकाल नको होता. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे. आईचे गुडघे तसेच.

तर झालंय असं, की आपला फुटबॉल क्लब घ्यायला माणूस आलाय. तो ‘दत्तक’ म्हणतो. देणं दोन लाख चाळीस हजारांवर गेलंय: ग्राउंडचं भाडं, लीगची फी, बुटांची उधारी. तो सगळं एकरकमी फेडतो म्हणतो, वर पोरांना कोच. बदल्यात जर्सीवर त्याचा रंग आणि क्लबला त्याच्या धंद्याचं नाव. रविवारी कागद व्हायचेत. सेक्रेटरी म्हणून सही माझी. पण नाव तू ठेवलेलंस आणि रंग काकूंनी दिलेला. दुसऱ्या कुणाला विचारू?

गेले पंधरा दिवस जेवण झालं की मी न्यूटन हीथचं वाचत बसतो. हो, तुझ्याच लालवाल्यांचं, मँचेस्टर युनायटेडचं मूळ. 1999 ची ती चॅम्पियन्स लीगची फायनल आठव. नव्वद मिनिटं संपलेली, बायर्न एक गोलने पुढे, बंड्या टीव्ही बंद करायला उठला आणि तू त्याचा हात धरून ठेवलास. आधी शेरिंगहॅमचा गोल, मग सोल्शायरचा. रात्री दोनच्या सुमाराला सगळी चाळ उठवलीस आणि खालच्या आजी चोर आले म्हणून काठी घेऊन वर आल्या. त्या रात्रीपासून तू लाल. पण बाळ्या, तुझा तो संघ मुळात लाल नव्हताच. हिरवा आणि सोनेरी, अर्धा अर्धा.

1878 साली मँचेस्टरच्या न्यूटन हीथमध्ये लँकेशर अँड यॉर्कशर रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यातल्या कामगारांनी तो काढला. अण्णांनी आणि माझ्या बाबांनी जन्मभर जे केलं तेच त्यांचं काम, डब्यांचं. नावातच रेल्वेची अक्षरं होती. नॉर्थ रोडचं ग्राउंड शेडला लागून, इंजिनाचा धूर अंगावर, आणि कपडे बदलायला अर्ध्या मैलावरच्या थ्री क्राउन्स नावाच्या दारूच्या गुत्त्यात जायचं. आपण इराण्याच्या मोरीत बदलायचो तसंच. 1880 मध्ये बोल्टन वाँडरर्सच्या दुसऱ्या फळीने त्यांना सहा गोल मारले. आपल्या पहिल्या मॅचला सात बसले होते आणि गोली तू होतास. त्यांचा गोली तुझ्यापेक्षा एका गोलने बरा!

1892 मध्ये ते लीगच्या पहिल्या विभागात आले, त्याच सुमारास नावातली रेल्वेची अक्षरं गळली. पुढच्याच वर्षी ग्राउंड गेलं. जागा कॅथेड्रलवाल्यांच्या ताब्यातली आणि तिथे तिकीट लावणं त्यांना पसंत नव्हतं. मग क्लेटनला बँक स्ट्रीट. शेजारी रसायनांचे कारखाने, वारा फिरला की धूर थेट मैदानावर. 1895 मध्ये वॉल्सॉलवाले आले, ग्राउंड बघून आधी तक्रार लिहून दिली, मग खेळले आणि चौदा गोल खाल्ले. तक्रार मान्य झाली, मॅच रद्द. पुन्हा खेळवली तेव्हा नऊ. हे वाचताना तुझी फार आठवण आली. तूही चिखलाची तक्रार आधी करायचास आणि मग उडी मारायचास.

आता माझं जिथे अडलंय ते. जानेवारी 1902 मध्ये कोर्टाने क्लब गुंडाळायचा हुकूम काढला. देणं 2,670 पौंड. ग्राउंडला कुलूप. कॅप्टन होता हॅरी स्टॅफर्ड, फुलबॅक. आदल्या वर्षी पैसे उभे करायला सेंट जेम्स हॉलमध्ये चार दिवसांचा बाजार भरवला होता, तिथे याचा सेंट बर्नार्ड कुत्रा गळ्यात डबा अडकवून वर्गणी मागत फिरायचा. सांगतात ते असं, की एका रात्री कुत्रा हरवला आणि जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या दारूभट्टीवाल्या श्रीमंताकडे पोचला. त्याच्या मुलीला कुत्रा आवडला. स्टॅफर्ड कुत्रा शोधत गेला आणि ओळख झाली. पुढे देणेकऱ्यांपुढच्या सभेत स्टॅफर्ड उठला आणि म्हणाला, चार माणसं पाचपाचशे पौंड द्यायला तयार आहेत. डेव्हिस त्यातला मुख्य.

क्लब वाचला आणि एप्रिलमध्ये नाव गेलं. मँचेस्टर सेंट्रल हेही सुचलं होतं, पण ते रेल्वे स्टेशनसारखं वाटतं म्हणून नको झालं. बघ, रेल्वेच्या पोरांचा क्लब आणि स्टेशनसारखं नाव नको! शेवटी युनायटेड. हिरवा-सोनेरी जाऊन अंगात लाल शर्ट, पांढरी चड्डी. तुझा जीव की प्राण असलेला लाल रंग हा पैसे देणाऱ्यांबरोबर आलेला आहे, बाळ्या.

स्टॅफर्डने बरोबर केलं का? नाव घालवलं ते त्यानेच, आणि संघ जगला तो त्याच्यामुळेच. दोन्ही हात एकाच माणसाचे. 1908 ला लीग जिंकली, 1909 ला कप. त्याने मान हलवली नसती तर त्या रात्री टीव्हीवर तुला बघायलाच काही नसतं.

पण पुढचं ऐक. डेव्हिसने साठ हजार पौंड घातले आणि 1910 मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड उभं राहिलं. पहिलीच मॅच लिव्हरपूलने 4-3 मारली. न्यूटन हीथ शहराच्या ईशान्येला, हे पार नैऋत्येला. कामावरून सुटून पायी मॅचला जायचं, ते संपलं. नाव गेलं, रंग गेला, आठ वर्षांनी ग्राउंडही गेलं. मला झोप लागत नाही ती या तिसऱ्या गोष्टीने. आपल्या माणसाने परवा चहा पिता पिता विचारलं, ‘ग्राउंडचा करार कुणाच्या नावावर आहे?’ सहज विचारल्यासारखं. मी म्हटलं, क्लबच्या. तो म्हणाला, ‘म्हणजे आता आमच्याच की.’

लग्नाच्या मांडवाला मी ग्राउंड भाड्याने दिलं तेव्हा तू दोन महिने बोलला नव्हतास. ‘ग्राउंड दिलंस की क्लब दिलास,’ असं सगळ्यांसमोर म्हणालास. भाड्यातून आपले नेट आले हे मी तुला दहा वेळा ऐकवलं. आज कबूल करतो, तुझं खरं होतं. खिळ्यांचे खड्डे बुजवताना पिंट्याचा घोटा मुरगळला तेव्हाच कळलं होतं, तोंडातून निघालं नाही.

काल ट्रंक उघडली. तुझी एक नंबरची जर्सी निघाली. पंधरा पांढरे बनियन काकूंनी गरम पाण्याच्या पिंपात रंगवले होते, ढवळायला कपडे धुवायचा धोका. डाव्या काखेत रंग गडद, पाठीवर ढग ढग, गाठ मारली होती तिथे चांदणीसारखा पांढरा डाग. ऑइल पेंटचा एक तडकलाय, बोट फिरवलं की खपली निघते. घडीत अजून रॉकेलचा वास आहे. हे देऊन टाकायचं माझ्याच्याने होत नाही. आणि खाली तेरा वर्षांची पोरं अनवाणी खेळताना दिसतात, तेही बघवत नाही.

2010 मध्ये मालकांवर रागावलेले लोक ओल्ड ट्रॅफर्डला हिरवे-सोनेरी मफलर घालून जायला लागले. एकशे आठ वर्षांनी! म्हणजे रंग मेला नव्हता. म्हणून माझ्या मनात असं आलंय: आपल्या माणसाला म्हणावं, नाव घे, छातीवर तुझं लिही. पण बाहीला काकूंचा रंग राहील, आणि ग्राउंडचा करार खेळाडूंच्या नावावर वेगळा लिहून द्यायचा. नाही म्हणाला तर सही नाही, मग वर्गणीला मी दारोदार फिरतो. कागद वकिलाकडून करून घेतलाय. तू वाच, तुझा शब्द येईपर्यंत पेन उघडत नाही.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांची बारावी यंदाच ना? बडोद्याचं घर ताब्यात मिळालं असेल तर पत्ता कळव.

आणि काकूंना एक विचार, तो रंग कुठल्या पुडीचा होता? जांभळा म्हणून आणला होता की मरून? बंड्या म्हणतो मरून, मी म्हणतो जांभळा, आणि जर्सी आता दोन्हींसारखी दिसते. बाहीसाठी कापड शनिवारी घ्यायचंय.

तुझा,
सुऱ्या